एकतिसावा तुकडा

“माझ्या पोटावर पाय द्यायला निघालीस आणि वर माझ्याच डब्यातली चटणी खायलीस,” द्वारका म्हणाली.

“चटणी झकास झालीय. भाकरी तेवढी जाड आहे.”

“जाड लागायली तर ठेव खाली.”

मी ठेवली नाही. गंगाखेडहून परभणीला निघालेल्या एसटीत आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो होतो. दोघींच्या पिशवीत एकाच कार्यालयाचं, एकाच मजकुराचं पत्र होतं. त्या पत्राप्रमाणं मी हरकत घेणारी आणि द्वारका त्या हरकतीला विरोध करणारी. सुनावणीला दोघींनी समक्ष हजर राहायचं होतं. विरोधकांनी एका डब्यात जेवू नये असं काही पत्रात लिहिलेलं नव्हतं.

या गोष्टीला आता अठरा वर्षं होत आली. मी कौसल्या लोखंडे, बी.एस्सी. गणित, तेव्हा बेकार. द्वारका गिराम माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, तीही बी.एस्सी., तीही बेकार. वाचनालयाच्या माडीवरच्या अभ्यासिकेत आम्ही समोरासमोर बसून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायचो. एक पुस्तक दोघींत वापरायचो आणि निकाल लागला की एकमेकींची समजूत घालायचो. समजूत घालण्याचा सराव अभ्यासापेक्षा जास्त झाला होता.

त्या वर्षी सांख्यिकी सहायकाच्या दोन जागा निघाल्या. पहिल्या जागेवरचा मुलगा आमच्या कितीतरी पुढं होता, त्याचा विषयच नको. दुसरी जागा आमच्या दोघींत अडकली होती. निवड मंडळानं आधी कच्ची उत्तरतालिका लावली आणि तिच्यावर हरकती मागवल्या. तालिकेशी ताडून पाहिलं तर द्वारका माझ्यापुढं एका गुणानं होती. तो गुण एकाच प्रश्नाचा होता.

प्रश्न असा: एका वर्तुळावर बिंदू घ्यायचे आणि प्रत्येक बिंदू बाकीच्या प्रत्येक बिंदूला सरळ रेषेनं जोडायचा. बिंदू एकच असेल तर रेषा नाही, अख्खं वर्तुळ हा एकच भाग. दोन बिंदूंनी वर्तुळाचे दोन भाग होतात, तिनांनी चार, चारांनी आठ, पाचांनी सोळा. तर सहा बिंदूंनी जास्तीत जास्त किती भाग होतील? पर्याय होते तीस, एकतीस, बत्तीस आणि छत्तीस.

तालिकेत उत्तर होतं बत्तीस. द्वारकानं बत्तीस लिहिलं होतं. मी एकतीस.

आमच्या क्लासचे घुगे सर फळ्यावर हात आपटून सांगायचे, “परीक्षेत विचार करणारा मागं राहतो. दुप्पट दिसली की दुप्पट. टिक कर, पुढं हो.” परीक्षेत माझाही हात आधी बत्तीसवरच गेला होता. पण ‘जास्तीत जास्त’ या दोन शब्दांवर माझी नजर अडखळली. हे शब्द कुणी उगाच घालत नाही. मी कच्च्या पानावर वर्तुळ काढलं, सहा बिंदू घेतले, रेषा मारल्या आणि तुकडे मोजले. एकतीस भरले. वाटलं, एखादा सुटला असेल. परत मोजले. एकतीसच.

मग मला कॉलेजातल्या शिरोळकर मॅडम आठवल्या. बहुपदी शिकवताना त्या म्हणायच्या, “बहुपदी कितीही अवघड दिसू दे. ओळीनं किमती मांडा, त्यांच्यातले फरक काढा, मग फरकांचे फरक काढा. कधी ना कधी ती शांत होते, एकच आकडा येत राहतो. दुप्पट कधीच शांत होत नाही. तिचे फरक काढले तर पुन्हा दुप्पटच निघते. दोघींचं कूळ वेगळं.” वर्तुळाचे तुकडे कोणत्या कुळातले, हे फरक काढून कळल्यावर मी एकतीसवर गोल केला आणि माझा जीव थंड झाला.

तालिका लागल्यावर तो पुन्हा तापला. मी हरकत घेतली. द्वारकाला कळल्यावर तिनंही अर्ज दिला की तालिका बरोबर आहे, हरकत फेटाळावी. मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

माझी ती शेवटची संधी होती. वयाची मर्यादा संपत आली होती, पुढच्या भरतीत मला अर्जही करता आला नसता. सकाळी निघताना आबा अंगणात दात घासत होते. ते वीज मंडळात लाईनमन होते, आता निवृत्त. चूळ भरून म्हणाले, “पाच परीक्षा दिल्यास, पाची टायमाला काठावर आपटलीस. सहाव्या बारीला काय येगळं व्हणार हाय? मुंबैच्या मामानं स्थळ आणलंय, त्येला हो म्हण अन् मोकळी हो.”

मी तोंडाला तोंड देणारी बाई. पण त्या वेळी मला काही सुचलं नाही. मी चपला घातल्या आणि निघाले. दिवसभर ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

“कौशे,” बसमध्ये द्वारका खिडकीकडं बघत म्हणाली, “तू खरंच मोजलेस का गं तुकडे?”

“मोजले.”

“मी नाही मोजले.”

“मग आता मोज. पेन देऊ?”

“नको,” ती म्हणाली आणि डबा बंद केला.

*

कार्यालय जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. ज्या कार्यालयात जागा भरायची त्याचेच प्रमुख बारहाते साहेब सुनावणी घेणार होते. बाहेर वाकडे नावाचे कारकून बसले होते. त्यांनी आमची पत्रं घेतली, दोन्हींवर शिक्का मारला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “घाबरू नका. आमचे साहेब भांडण वाढवत नाहीत. ज्या प्रश्नावर हरकत, तो प्रश्न रद्द. सगळ्यांना एकेक गुण वाटून टाकतात. कुणाचीच कटकट नाही. आजवर असंच चालत आलंय.”

द्वारकानं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. हिशेब दोघींच्या डोक्यात एकदमच झाला. प्रश्न रद्द झाला की आमचे गुण सारखे. गुण सारखे झाले तर वयानं मोठी असेल तिला जागा, असा नियम. मोठी मी.

“म्हंजे तू काही न बोलताच जिंकायलीस,” द्वारका म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही. पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली.

मला आनंद व्हायला हवा होता. खोटं कशाला बोलू, क्षणभर झालाही. मग वाटलं, ज्यांनी मोजलं त्यांनाही एक गुण, ज्यांनी डोळे मिटून टिक केलं त्यांनाही एक, आणि ज्यांनी प्रश्न सोडून दिला त्यांनाही एक. म्हणजे सहा बिंदूंच्या त्या वर्तुळात नेमकं काय आहे, याच्याशी या कार्यालयाला काही देणंघेणंच नाही.

आत साहेब टेबलामागं बसले होते. अंगानं भरलेले, शांत चेहऱ्याचे, समोर फायलींचा ढीग. त्यांच्या बाजूला विषयतज्ज्ञ म्हणून बोलावलेले प्राध्यापक औंढेकर. पांढरे शुभ्र केस, खिशाला शाईचं पेन. तिसरं कुणी नव्हतं. वाकडे दाराशी उभे राहिले.

“बोला लोखंडेबाई, काय म्हणणं आहे?” साहेबांनी विचारलं.

“उत्तर एकतीस आहे, साहेब.”

“आणि गिरामबाई?”

“बत्तीस,” द्वारका म्हणाली. “आकडे दुपटीनं वाढायलेत.”

औंढेकर सर हसले. हसणं वाईट नव्हतं, शिक्षकाचं होतं. “बेटा, एक, दोन, चार, आठ, सोळा. पुढं काय येणार, सांग बरं?”

“एकतीस, सर.”

“ठीक आहे. मोजूनच पाहू. वाद कशाला.”

वाकड्यांनी कुठूनतरी कंपास आणि कोरा कागद आणला. सरांनी सुरेख वर्तुळ काढलं. मग कंपासमधलं अंतर जराही न हलवता परिघावर एकामागून एक सहा खुणा केल्या. त्यांचा हात आयुष्यभर फळ्यावर हेच करत आला असणार. सातव्या वेळी टोक पहिल्या खुणेवर नेमकं येऊन बसलं. पट्टीनं सगळ्या रेषा मारल्या. रांगोळीत काढतात तसं देखणं चित्र तयार झालं. सर पेनाचं टोक टेकवत तुकडे मोजू लागले आणि मध्येच थबकले. पुन्हा पहिल्यापासून मोजले.

“किती?” साहेब म्हणाले.

“तीस,” सर पुटपुटले.

साहेब मोठ्यानं हसले. “घ्या! हिचे एकतीस, तिचे बत्तीस आणि सरांचे तीस. आता चपराशाला बोलावतो, तो छत्तीस काढील. म्हणजे पर्याय संपतील.”

वाकडेही हसले. साहेब हसले की त्यांना हसावंच लागत असणार. मला मात्र हसू आलं नाही. “सर, पेन द्याल का?” मी म्हणाले आणि त्यांच्या हातातलं जवळपास ओढूनच घेतलं. सरांच्या चित्राच्या बरोबर मध्ये टोक ठेवलं. “इथं बघा. समोरासमोरचे बिंदू जोडणाऱ्या तीन लांब रेषा इथं एकाच जागी भेटल्यात. तुम्ही बिंदू सारख्या अंतरावर घेतले म्हणून. प्रश्नात सारखं अंतर कुठं म्हटलंय? प्रश्नात जास्तीत जास्त म्हटलंय.”

मी त्याच कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात हातानंच दुसरं वर्तुळ काढलं. जरा वाकडंच आलं, पण बंद झालं. सहा बिंदू घेतले, सगळ्यांची अंतरं वेगवेगळी. रेषा मारल्या. यावेळी त्या तीन लांब रेषा एकमेकींना वेगवेगळ्या जागी छेदून गेल्या आणि त्यांच्यामध्ये एक छोटासा त्रिकोण उघडा पडला. गव्हाच्या दाण्याएवढा असेल.

“हा एकतिसावा तुकडा,” मी म्हणाले. “सरांच्या चित्रात हा एका ठिपक्यात चेपला होता.”

औंढेकर सर खुर्ची पुढं ओढून वाकले. त्यांचा चेहरा बदलला होता. “आणि बत्तिसावा कधीच निघणार नाही, हे कशावरून? सूत्र आहे?”

“आहे ना सर. सुरुवातीला वर्तुळ अख्खं, तो एक भाग. प्रत्येक रेषा एक भाग वाढवते. आणि दोन रेषा आतमध्ये एकमेकींना छेदतात, तिथं आणखी एक वाढतो. सहा बिंदूंच्या रेषा पंधरा. छेद कसे मोजायचे? कोणतेही चार बिंदू धरा, त्यांच्यात आतला छेद एकच सापडतो. सहांतून चार निवडायचे पंधरा प्रकार, म्हणून छेद पंधरा. एक, पंधरा आणि पंधरा, एकतीस. यापेक्षा जास्त छेद येणारच कुठून? पाच बिंदूंना करून बघा. एक, दहा आणि पाच, सोळा. तिथं जुळतं.”

“चारांची निवड आहे,” सर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “म्हणजे चौथ्या घाताची बहुपदी.”

“हो सर. दुप्पट नाहीच ही. चौथ्या घाताची बहुपदी पाच किमतींनी पक्की होते. इथं नेमक्या त्याच पाच किमती दुपटीशी जुळल्या. त्यानंतर दुप्पट तिला मागं टाकून निघून जाते आणि बहुपदी आपल्या चालीनं चालत राहते.”

“थांबा, थांबा,” बारहाते साहेब म्हणाले. त्यांना आता कंटाळा आला होता. “मला तुमचं ते बहु-बिहु कळत नाही. साधं विचारतो. पाच आकडे दुपटीत बसले की नाही बसले?”

“बसले.”

“मग सहावा का बसू नये?”

“पाच बसले म्हणून सहावा बसलाच पाहिजे, असं कुणी लिहून दिलंय का, साहेब?”

आवाज माझ्याही अंदाजापेक्षा मोठा निघाला. वाकडे दचकले. बोलून झाल्यावर मला कळलं की हे वाक्य या खोलीतलं नव्हतंच. ते सकाळी अंगणात बोलायचं राहून गेलं होतं. मला एकदम खूप बरं वाटलं आणि तितकाच संतापही आला, आबांवर, घुगे सरांवर, पाची निकालांवर, आणि समोरच्या त्या शांत चेहऱ्यावरही.

औंढेकर सर कागदावरून मान वर करून म्हणाले, “साहेब, मुलगी बरोबर सांगतेय.”

“बरोबर-चूक नंतर बघू, सर.” साहेबांनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं. “उत्तर बदललं की ते चुकलं कसं, चुकवलं कुणी, हे सगळं वर लिहून पाठवावं लागतं. पाठवू?”

सरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसत राहिले. पेपर कुणी काढला होता, हे मला तेव्हा समजलं. इतका सुंदर प्रश्न काढणारा माणूस स्वतःच्या प्रश्नापाशी थांबून एकदाही तुकडे मोजत नाही, याचं मला वाईट वाटलं. आणि आता कळूनही चष्मा पुसत बसतो, याचं त्याहून जास्त.

साहेबांनी एक छापील कागद माझ्यापुढं सरकवला. “हे बघा बाई, तुम्ही हुशार आहात. मान्य. आपण प्रश्न रद्द करू. तुम्हाला तुमचा गुण मिळतो. वयानं मोठ्या आहात, जागाही मिळते. खाली सही करा, हरकत मिटली म्हणून. चहा घ्या आणि घरी पेढे न्या.”

मी कागद वाचला. ‘प्रश्न सदोष असल्याने रद्द करण्यास माझी संमती आहे.’

“मी सही करणार नाही, साहेब.”

“का?”

“प्रश्न सदोष नाही. अख्ख्या पेपरात विचार करायला लावणारा हा एकच प्रश्न होता. प्रश्न बरोबर आहे. उत्तर चुकलंय. चूक तुमची, आणि दोषी प्रश्न?”

“अहो, तुमचं काम होतंय!” वाकडे दारातून कळवळून म्हणाले.

“माझं काम एकतीस आहे.”

साहेबांचा शांत चेहरा पहिल्यांदा हलला. “ठीक आहे. तुम्हाला नकोच असेल तर माझा नाइलाज आहे. हरकत फेटाळतो. तालिका कायम. गिरामबाई, तुम्ही लिहून द्या, की समक्ष आकृती पाहिली आणि बत्तीस हे उत्तर मला मान्य आहे. सही करा. जागा तुमची.”

नोकरी गेली, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. मामानं आणलेलं स्थळही दिसलं. तरी जीभ मागं घ्यावीशी वाटली नाही.

द्वारका उठून टेबलापाशी गेली. तिनं लिहून द्यायला कोरा कागद घेतला नाही. माझ्या वाकड्या वर्तुळाचा कागद ओढला, पर्समधून लाल पेन काढलं आणि उभ्यानंच प्रत्येक तुकड्यात आकडा घालायला सुरुवात केली. बाहेरच्या कडेपासून एक, दोन, तीन. तिचे ओठ हलत होते. कुणीच तिला थांबवलं नाही. शेवटी मधल्या दाण्याएवढ्या त्रिकोणात आकडा मावेना, तेव्हा तिनं बाण काढून तो बाहेर लिहिला.

पेनाचं टोपण लावून ती म्हणाली, “एकतीसच आहेत. मला परवडत नाही, पण एकतीसच आहेत.”

“बाई, नीट विचार करा,” साहेब म्हणाले.

“केला की. आजच पहिल्यांदा केला.” तिनं टोपण पुन्हा काढलं आणि आकृतीच्या खाली सही केली. ‘द्वारका गिराम. मोजले.’ “तुम्ही म्हणायलाव तिथं नाही करत. इथं करते.”

“हे नोंदीत घेऊ नका,” साहेब वाकड्यांना म्हणाले. आणि आम्हाला, “निर्णय कळवला जाईल. या आता.”

निघताना मी तो कागद टेबलावरून उचलला. नोंदीत घ्यायचा नव्हता, म्हणजे तो त्यांच्या कामाचा नव्हताच.

*

परतीच्या बसमध्ये द्वारका खिडकीशी बसली आणि म्हणाली, “माझ्याशी बोलू नको.”

सिंगणापूर फाटा गेला, पोखर्णी गेली.

“सात बिंदूंना किती?” तिनं खिडकीकडं बघतच विचारलं.

“सत्तावन्न.”

तिनं तिकिटाच्या पाठीमागं आकडे मांडले. एक, दोन, चार, आठ, सोळा, एकतीस, सत्तावन्न. खाली फरक, त्याखाली फरकांचे फरक. फरकांच्या चौथ्या ओळीत एक, एक, एक. ती त्या तीन एकांकडं बघत राहिली.

“शांत झाली की गं,” ती म्हणाली.

“मॅडम म्हणायच्या तसंच.”

“पुढं परत कधी दुपटीतला आकडा येतो का?”

“दहाला येतो. दोनशे छप्पन्न. पण तो नवव्या जागचा. एक पायरी उशिरानं.”

“मग मीही येईन उशिरानं,” द्वारका म्हणाली. तेव्हा कुठं ती रडली. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गंगाखेडपर्यंत झोपली.

महिन्याभरानं पक्की तालिका लागली. त्या प्रश्नापुढं लिहिलं होतं, ‘प्रशासकीय कारणास्तव रद्द.’ आमच्या सहीवाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. गुण सारखे झाले आणि वयाच्या नियमानं जागा मला मिळाली. आबांनी गल्लीभर पेढे वाटले. “बघ, झालं की न्हाई सहाव्या बारीला!” म्हणाले, जणू पहिल्यापासून ते हेच सांगत होते. मी पेढा अर्धाच खाल्ला. मला जागा मिळाली होती ती आधी जन्मल्याबद्दल.

द्वारका पुढच्या वर्षी दुसऱ्या भरतीत लागली, पाटबंधारे खात्यात. पहिल्या पगाराच्या दिवशी तिचा फोन आला. “दोनशे छप्पन्न,” एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

मी रुजू झाले त्या दिवशी बारहाते साहेबांनी मला आत बोलावलं. “काय लोखंडेबाई, झालं समाधान?”

“नाही, साहेब.”

बाहेर येऊन मी माझ्या टेबलामागच्या भिंतीवर तो कागद चिकटवला. वर सरांचं देखणं वर्तुळ, खाली माझं वाकडं, त्यात लाल आकडे, आणि द्वारकाची सही. साहेबांच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्याला तो दिसल्याशिवाय राहायचा नाही, अशी जागा मी मुद्दाम निवडली होती. एकदा रंगकाम निघालं तेव्हा साहेबांनी निरोप पाठवला की भिंतीवरचं काढा. मी काढला आणि रंग वाळल्यावर परत लावला. त्यांनी माझ्या गोपनीय अहवालात ‘स्वभाव हेकट’ असं लिहिलं. मला ते वाचायला मिळालं तेव्हा मी त्यावर हरकत घेतली नाही. ते बरोबर होतं.

साहेब निवृत्त झाले त्या दिवशी हॉलमध्ये सत्कार होता. हार, शाल, नारळ सगळं मांडून ठेवलं होतं आणि सगळे त्यांची वाट बघत होते. साहेब खोलीतून निघाले आणि हॉलकडं जायच्या ऐवजी माझ्या टेबलापाशी थांबले. चष्मा वर केला. बोट कागदावर टेकवून बाहेरच्या कडेपासून मोजायला लागले. वाकडे, ते अजून नोकरीत होते, दोनदा येऊन बोलावून गेले. साहेबांनी मान वर केली नाही. बाणापाशी आले, बाणावरून मधल्या त्रिकोणात गेले आणि तिथं त्यांचं बोट थांबलं.

“एकतीसच आहेत हो,” ते म्हणाले. मग हसले, अगदी मोकळेपणानं. बहुधा त्यांना वाटलं की मीही आता हसेन आणि निरोपाच्या दिवशी सगळं गोड होईल.

मी भिंतीवरचा कागद काढला, टेबलावर सरळ केला आणि माझं पेन त्यांच्यापुढं धरलं.

“मग लिहून द्या, साहेब. इथं. द्वारकाच्या सहीच्या खाली.”